घंटामुक्त शाळा

भूगोलाच्या मास्तरांना संशोधनाची हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे जे काही झालं त्याला लोक त्यांची महत्त्वाकांक्षा जबाबदार धरतील. शेजारचे निवृत्त इंजिनिअर तसं धरतातच, पण त्यांच्या घरचा नळ गळला तरी ते मास्तरांकडेच संशयाने बघतात, तेव्हा त्यांचं सोडून द्या.

झालं होतं ते एवढंच. शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वरच्या कार्यालयाचा हुकूम वाचून दाखवला. प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांच्या वर्तनावर एक संशोधन करायचं आणि त्यातून शिक्षणात एक तरी सुधारणा सुचवायची. वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि खोलीभर नजर फिरवली. अशा वेळी काय करायचं हे शिक्षकाला शिकवावं लागत नाही. गणिताचे सर तातडीने वह्या तपासायला लागले. चित्रकलेच्या बाईंचं पेन टेबलाखाली पडलं आणि पेनामागोमाग त्याही टेबलाखाली गेल्या. मास्तरही खिडकीबाहेर बघणार, तेवढ्यात त्यांना शिंक आली. चांगली सणसणीत. सावरून मान वर करतात तो बाईंची नजर थेट त्यांच्यावर.

"छान! मास्तर तयार आहेत," बाई म्हणाल्या.

घरी येऊन मास्तरांनी ही हकिकत मोठ्या दुःखाने सांगितली, तर बायको म्हणाली, "अहो, पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय ना? मग शिंकलात ते बरंच केलंत की!" आणि मास्तरांच्या हातातली पिशवी सोफ्यावर पडायच्या आत तिने ही बातमी वरच्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यातूनच सांगितली.

आता विषय हवा. मास्तरांच्या मनात एक जुनी जखम होती. एकदा ते वर्गात वाळवंटाची व्याख्या सांगत होते. "वाळवंट म्हणजे जिथे पाऊस" इथवर ते आले आणि घंटा झाली. पोरांनी तिथल्या तिथे पेनं बंद केली. व्याख्या पुरी करायला मास्तरांना समोर कुणी उरलंच नाही. परीक्षेत निम्म्या वर्गाने लिहिलं, "वाळवंट म्हणजे जिथे पाऊस." पूर्णविरामासकट! मास्तरांनी ते पेपर तपासताना जो संताप गिळला होता तो आता वर आला आणि त्या संतापाच्या भरात त्यांनी प्रस्ताव लिहून टाकला. घंटेमुळे मुलं यंत्रासारखी होतात, घंटा काढून टाकली तर मुलं आपली आपण वेळेवर वर्गात येतील का, हे काही दिवस घंटा बंद ठेवून तपासावं, असा एकूण आशय. प्रस्ताव नामंजूर होणार याची त्यांना खात्री होती. वरच्या कार्यालयाने या शाळेचं आजवर काहीही मंजूर केलं नव्हतं. पाण्याच्या गळक्या टाकीचा अर्ज तिथे इतका जुना झाला होता की तो लिहिणारे सर निवृत्त होऊन आजोबा झाले होते.

प्रस्ताव हातोहात मंजूर झाला. कारण उघड होतं, त्याला खर्च शून्य होता. कार्यालयातल्या साहेबांनी फोन करून बाईंचं अभिनंदन केलं आणि योजनेला नावसुद्धा देऊन टाकलं. घंटामुक्त शाळा.

शाळेची घंटा व्हरांड्याच्या कोपऱ्यात टांगलेली होती. चांगली पितळी, जाड, शेजारी खिळ्याला लाकडी हातोडा. ही घंटा वाजवायचा हक्क एकट्या शिपाईमामांचा. मामा दिसायला किरकोळ, पण हातोडा हातात आला की सेनापती. घड्याळाशी त्यांचं विशेष सख्य नव्हतं, घंटा आपली त्यांच्या अंदाजाने व्हायची, पण मोठ्या बाईंपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळी शाळा त्या अंदाजावर निमूट चालायची.

"मामा, उद्यापासून घंटा बंद," मास्तर म्हणाले.

"कुणी मेलं का?"

"नाही हो! प्रयोग आहे. तुम्ही आराम करा."

"आराम मी घरी करत नाही, तो इथे कुठून करू?" मामांनी हातोडा खिळ्याला अडकवला आणि घंटेवर जुनं फडकं टाकलं, ते मास्तरांकडे न बघता. ते न बघणं मास्तरांना जरा खटकलं, पण संशोधकाने असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करायचं असतं असं त्यांना वाटलं.

पहिल्याच दिवशी सकाळी गणिताचे सर एका वर्गात शिरले ते बाहेर येईनात. पुढच्या तासाच्या चित्रकलेच्या बाई दाराशी रंगांचं खोकं घेऊन ताटकळत राहिल्या. "घंटा झालेली नाही," सर आतून म्हणाले. "घंटा होणारच नाहीये," बाई बाहेरून म्हणाल्या. "मग माझा तास संपलाच नाही!" या युक्तिवादाला काय उत्तर द्यायचं? मास्तर धावत जाऊन मध्यस्थी करून आले तोवर त्यांच्या स्वतःच्या वर्गात इतिहासाच्या बाई येऊन बसल्या होत्या.

संध्याकाळी घरी पोचतात तो जिन्यात काकू उभ्या. मास्तरांची सोसायटी शाळेसमोरच, नुसता रस्ता ओलांडायचा. "मास्तर, तुमच्या त्या संशोधनापायी माझी भाजी करपली," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या तासाच्या घंटेला मी गॅस बंद करते. इतकी वर्षं करते. आज बसले वाट बघत!"

"काकू, घरात घड्याळ आहे ना?"

"घड्याळाकडे बघायला स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागतं. घंटा आत येते!"

इंजिनिअरसाहेब बाल्कनीतून ऐकत होते. त्यांनी लागलीच सल्ला दिला की शाळेच्या गच्चीवर दिवा बसवावा, हिरवा म्हणजे वर्ग, लाल म्हणजे सुट्टी, आकृती मी काढून देतो. आकृती त्यांनी काढलीही, आणि ती घेऊन दारात इतका वेळ उभे राहिले की मास्तरांचं जेवण गार झालं. तात्पर्य, पोरं सोडून बाकी सगळे बिथरले होते.

पोरं मात्र चमत्कार करत होती. मधल्या सुट्टीत मास्तर घड्याळ हातात घेऊन व्हरांड्यात उभे राहिले होते. वेळापत्रकाप्रमाणे सुट्टी संपली. पटांगणावर धुमाकूळ चालूच. मास्तरांच्या कपाळावर घाम. संपलं सगळं, आता काही ही पोरं आत येत नाहीत, असं त्यांना वाटलं. आणखी बराच वेळ गेला, आणि अचानक, कुणी काही न बोलता, सगळी पोरं वळली आणि आपापल्या वर्गात जाऊन बसली. चेंडू हवेत होता तो खाली पडायचीही कुणी वाट बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मोठ्या बाई हरखून गेल्या. साहेबांना रोज फोन जायला लागले. मास्तरांना मात्र चैन पडेना. त्यांनी पहिल्या बाकावरच्या, दोन वेण्यांच्या मुलीला विचारलं, "सुट्टी संपली हे तुम्हाला कळतं कसं गं?"

"कळतं, सर."

"अगं, पण कसं?"

"कळतंच ना, सर." तिला मास्तरांची कीव आलेली स्पष्ट दिसत होती.

मग मास्तर एक दिवस पटांगणाच्या टोकाला, मागच्या फाटकाजवळ झाडाआड उभे राहिले. आपल्याच शाळेत झाडाआड लपायचं हे त्यांच्या वयाला शोभत नव्हतं, आणि दोन पोरांनी "सर, राज्य कुणावर आहे?" असं विचारून ते बोलूनही दाखवलं. तेवढ्यात फाटक करकरलं. शिपाईमामा आत आले. हातात रिकामा डबा, डब्यात चमचा खुळखुळतोय. मामांची पावलं पटांगणाच्या मध्यावर येईपर्यंत एकूण एक पोर वर्गात पसार झालं होतं.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामांची खोली शाळेच्या मागच्या गल्लीत. मामींना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामा सकाळी मऊ भात शिजवून डबा शाळेत आणायचे, मधल्या सुट्टीत चहाच्या शेगडीवर गरम करायचे, घरी जाऊन मामींना भरवायचे आणि परत येऊन घंटा द्यायचे. म्हणजे या शाळेची मधली सुट्टी वेळापत्रकाप्रमाणे कधी संपतच नव्हती. मामींचं जेवण झालं की ती संपायची! पोरांना हे पाठ झालं होतं. घंटा वाजायच्या आधीच मामा दिसायचे, आणि मामा दिसले की पोरं निघायची. घंटा आपली उगाच शेवटी वाजायची.

संशोधक म्हणून मास्तरांना हा शोध मोठाच लागला होता. पण तो कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर मामा रोज कामाच्या वेळेत घरी जातात आणि सगळ्या शाळेची सुट्टी लांबवतात हे उघड झालं असतं. मास्तरांनी अहवालात लिहिलं, "मुले आपोआप वर्गात जातात," आणि गप्प बसले. हेच त्यांना महागात पडलं.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "मास्तर, साहेबांचा फोन होता. प्रयोग यशस्वी दिसतोय म्हणाले. ते स्वतः बघायला येताहेत."

"अरे वा," मास्तर म्हणाले. त्यांना पर्यवेक्षकाची खुर्ची दिसायला लागली होती.

"पुढचं ऐका. घंटाच नसेल तर घंटेचा शिपाई कशाला, असं म्हणताहेत. त्यांनी बघून शिक्का मारला की मामा अतिरिक्त. नदीपलीकडच्या शाळेत पाठवणार. सकाळी अंधारात निघायचं, रात्री परत."

मास्तरांना खुर्ची दिसेनाशी झाली. "पण मग मामींना दुपारी—"

"तेच," बाई म्हणाल्या आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत बसल्या.

व्हरांड्यात मामा उभे होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होतं. मास्तर जवळ गेले. मामाच बोलले, "मास्तर, तुमच्याशी माझं काही वाकडं होतं का?"

"मामा, मला शप्पथ माहीत नव्हतं हो."

"नसेल," मामा म्हणाले. "शिकलेल्या माणसाला सगळं माहीत असावं असं थोडंच आहे?" आणि ते झाडू घेऊन निघून गेले. त्यांचं काम झाडूचं नव्हतंच.

त्या दिवसापासून मास्तरांच्या डोळ्याला डोळा लागेना. प्रयोग मागे घ्यायचा म्हणून ते रजा टाकून वरच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"रद्द करता येईल. तो फसला असं दाखवावं लागेल. फसलाय का?"

"नाही, छान चाललाय."

"मग रद्द कशाला करायचा?"

"छान चाललाय म्हणूनच!"

कारकुनाने मास्तरांना प्यायला पाणी दिलं. बाहेर पडताना मास्तरांच्या लक्षात आलं की तो माणूस आपल्याशी आजाऱ्याशी बोलावं तसा बोलत होता. एवढा अपमान त्यांचा गणिताच्या सरांनीही कधी केला नव्हता.

मग उरला एकच उपाय. साहेबांसमोर प्रयोग फसवायचा. मास्तरांनी आठवीचा वर्ग गाठला, दार लोटलं आणि घसा खाकरला. "मुलांनो, उद्या साहेब येताहेत."

साहेब हा शब्द कानावर पडताच सगळा वर्ग ताठ बसला, हाताची घडी, नजर फळ्यावर. ही तालीम त्यांना बालवाडीपासूनची.

"तसं नको रे! उद्या मोकळेपणाने वागा. मधली सुट्टी झाली की खेळत राहा. आत येऊच नका. थोडा गोंधळ करा."

हा काहीतरी सापळा आहे याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. शेवटी दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "सर, गोंधळ लेखी की तोंडी?"

मास्तर खुर्चीत बसले. वर्षानुवर्षं आपणच ज्यांना हाताची घडी घालायला शिकवलं त्यांना एका तासात उंडारायला शिकवणं काही जमणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. घरी बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदाच पर्यवेक्षकाच्या जागेबद्दल काही बोलली नाही. "मामींना कोण भरवणार हो मग?" एवढंच म्हणाली. इंजिनिअरसाहेबांनी मात्र बाल्कनीतून सुचवलं की गच्चीवर दिवा बसवला असता तर ही वेळच आली नसती.

साहेब आले ते मधल्या सुट्टीच्या तोंडावरच. भरदार माणूस, मिशी कोरलेली, सोबत फाइल. मोठ्या बाईंच्या खोलीतल्या खिडकीतून सगळं पटांगण दिसायचं, तिथे त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "मी आलोय हे मुलांना कळता कामा नये. वर्तन नैसर्गिक हवं. आणि तो घंटेचा शिपाई कुठाय? त्याला इथे माझ्यासमोर उभा करा. त्याने लपूनछपून खूण केली असं उद्या कुणी म्हणायला नको. प्रयोग कसा शुद्ध हवा!"

मामा येऊन भिंतीशी उभे राहिले. इस्त्रीचा गणवेश, टोपी, हात मागे.

मास्तरांच्या मनात एकदम आशेचा कोंब फुटला. मामा इथे अडकले म्हणजे मागच्या फाटकातून कुणी येणार नाही. कुणी आलं नाही तर पोरं खेळतच राहणार. प्रयोग फसणार! आपली फजिती होईल, होऊ दे. साहेब नाक मुरडतील, मुरडू देत. मामा वाचतील. नुसतं गप्प बसायचं, बस्स.

सुट्टी सुरू झाली, पोरं सुटली. साहेबांनी चहा घेतला, बिस्किटं घेतली, आपल्या नोकरीतल्या तीन बदल्यांची कथा सांगितली. वेळापत्रकाप्रमाणे सुट्टी संपली. पोरं खेळताहेत. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग पटांगण बघितलं, मग मास्तरांना बघितलं. "काय हो संशोधक?"

"बघू या, साहेब," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पोरांचा आरडाओरडा गोड लागत होता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष मामांकडे गेलं. मामांची नजर पटांगणावर नव्हती. ती दाराबाहेर, चहाच्या शेगडीकडे होती. शेगडीवर डबा ठेवलेला होता. मास्तर त्यांच्याजवळ सरकले.

"जेवणानंतरच्या गोळ्या आहेत तिच्या," मामा ओठ न हलवता म्हणाले. "उपाशीपोटी चालत नाहीत. न घेऊनही चालत नाहीत."

मास्तरांना कसंसंच झालं. आपण इथे मनातल्या मनात विजय साजरा करतोय आणि तिकडे ती बाई उपाशी पडलीय! मामा हलले तर साहेब विचारणार. न हलले तर मामींच्या गोळ्या चुकणार. मास्तरांनी विचार केला, म्हणजे त्यांना तरी तो विचार वाटला, की मामा इथे उभेच राहू देत, आपण जाऊन भरवून येऊ. पोरं खेळत राहतील, मामीही जेवतील. "साहेब, जरा घरचं काम आलंय," असं पुटपुटत ते बाहेर सटकले आणि गरम डबा रुमालात धरून मागच्या फाटकाने पळाले. गल्लीतल्या एकाने "मास्तर, आग लागली का?" असंही विचारलं.

खोली लहान पण लख्ख होती. मामी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. दारात मास्तर बघून त्यांचा चेहरा पडला. "हे कुठे आहेत? बरे आहेत ना?"

"बरे आहेत. साहेब आलेत, त्यांना उभं केलंय."

"मग भरवा," मामी म्हणाल्या. दोन घास झाल्यावर म्हणाल्या, "चमचा असा नाकात घालायला आल्यासारखा धरत नाहीत, मास्तर. यांना विचारा." मास्तरांनी ओशाळून चमचा नीट धरला. निम्मं लक्ष पटांगणाच्या आवाजाकडे होतं.

"घंटा का बंद केलीत हो?" मामींनी मध्येच विचारलं.

"मुलांना शिस्त लागावी म्हणून."

"मुलांचं मला काय माहीत? मला आपली ती ऐकू यायची. सकाळी वाजली की वाटायचं, पोचले हे. मधल्या सुट्टीची झाली की समजायचं, आता डबा उचलतील. मग मी या डाव्या हाताने केस सारखे करायची, पदर नीट घ्यायची. आता काही कळतच नाही. हे एकदम दारात उभे राहतात आणि मी आपली अवतारात!" त्या हसल्या, अर्ध्याच चेहऱ्याने. "आज तर तुम्ही आलात. बघा कशी बसलेय ते."

मास्तरांनी उरलेला भात भरवला, गोळ्या दिल्या, पाणी दिलं, तोंड पुसलं. मग रिकामा डबा उचलला आणि घाईघाईने निघाले. फाटक करकरलं. मास्तर पटांगणात आले. डब्यात चमचा खुळखुळला.

पोरांनी वळून बघितलं. चेंडू जिथल्या तिथे टाकला आणि निघाली.

मास्तर जागच्या जागी खिळले. पोरं मामांकडे नाही, डब्याकडे बघत होती! त्या चमच्याकडे कान लावून होती! मास्तरांनी डबा पोटाशी दाबला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. "अरे थांबा! खेळा! खेळा ना रे!" ते ओरडले.

"झाली ना सुट्टी, सर," धावता धावता दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

पटांगण रिकामं झालं. मधोमध भूगोलाचे मास्तर, हातात डबा. खिडकीतून टाळ्यांचा आवाज आला. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मास्तर खोलीत आले ते पाय ओढतच. साहेबांनी फाइल उघडली होती, पेनाचं टोपण काढलं होतं. "अभिनंदन! थोडा उशीर झाला, पण घंटेशिवाय, कुणाच्या सांगण्याशिवाय, एकजात सगळी मुलं! स्वयंशिस्त, स्वयंशिस्त म्हणतात ती हीच. हे पद मी आजच कमी करतो." भिंतीशी मामांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, लिहू नका," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "प्रयोग फसला. मुलं आपोआप नाही गेली. हा डबा बघून गेली."

"कसला डबा?"

"हा. रोज सुट्टीत हा डबा मागच्या फाटकातून येतो. तो आला की मुलं आत जातात."

"रोज कोण आणतं तो?"

इतकं बोलून गेलो, आता पुढचंही बोलावं लागणार, हे मास्तरांच्या गावीच नव्हतं. मामांना वाचवायला निघालेल्या या शहाण्याने मामांना पार कड्यावर नेऊन उभं केलं होतं.

"मी आणतो, साहेब," मामा पुढे आले. "माझ्या बायकोचा डबा आहे."

"म्हणजे कामाच्या वेळेत तुम्ही रोज घरी जाता?" साहेबांच्या मिशीचं टोक हललं. पेन त्यांनी दुसऱ्या कागदावर टेकवलं.

"माझ्या परवानगीने," मोठ्या बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला होता. बैठकीत ओढतात तसाच. "तो प्रयोगाचाच भाग आहे, साहेब. घंटा काढायची तर मुलांना दुसरी काहीतरी खूण हवी. आवाज नाही, आरडाओरडा नाही, एक शांत, चालतं-बोलतं माणूस. मास्तरांनी फार विचार करून ही योजना आखली आहे. आज मामांना तुम्ही थांबवलंत, म्हणून मास्तरांनी स्वतः डबा आणून दाखवला. तुमच्या लक्षात आलंच असेल म्हणा."

साहेबांच्या काहीच लक्षात आलेलं नव्हतं. पण तसं कबूल करणारा माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. "अर्थात," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. म्हणजे हा एक प्रकारचा… चल-संकेत."

"तेच," बाई म्हणाल्या. "आणि त्यासाठी माणूस लागतो. हाच लागतो. मुलांना सवय आहे."

"अर्थात, अर्थात." साहेबांनी दोन्ही कागद फाडले आणि नवा घेतला. बाहेर पडल्यावर मास्तरांनी विचारलं, "बाई, तुम्हाला डब्याचं माहीत होतं?"

"मी याच शाळेची मुख्याध्यापिका आहे, मास्तर," बाई म्हणाल्या. "तुम्ही झाडाआड लपलात तेही माहीत आहे."

हुकूम निघाला. शाळा घंटामुक्त जाहीर झाली. मामांचं पद कायम राहिलं आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन मागच्या फाटकाने जाणं-येणं हे त्यांचं रीतसर काम ठरलं. साहेबांनी चल-संकेताची माहिती इतर शाळांनाही पाठवली. मग मास्तरांना फोन यायला लागले. डबा कोणत्या धातूचा? आत काय ठेवायचं? चमचा हवाच का? आमच्या शाळेला मागचं फाटक नाही, भिंत पाडू का? मास्तर सगळ्यांना शांतपणे उत्तरं देत आणि फोन ठेवला की डोकं धरून बसत. पर्यवेक्षकाची जागा गणिताच्या सरांना मिळाली. संशोधन चालू असेपर्यंत संशोधकाला हलवता येत नाही असा नियम निघाला, आणि हे संशोधन तर आता कधीच संपायचं नव्हतं. काकूंनी स्वयंपाकघरात घड्याळ लावलं आणि त्याची किंमत मास्तरांना दोनदा ऐकवली. एवढं होऊनही मास्तरांना एक गोष्ट खात होती, आणि ती खुर्चीची नव्हती.

शेवटी एके दिवशी मधल्या सुट्टीची वेळ झाली. आता शिक्षक आपापल्या घड्याळाने मुलांना सोडत. पोरं पटांगणात धावली. मामा चहाच्या शेगडीशी डबा गरम करत होते. मास्तर व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेले, घंटेवरचं फडकं काढलं, हातोडा उचलला आणि जोरात एकच टोल दिला. खणखणीत. मागच्या गल्लीपर्यंत जाईल असा.

मोठ्या बाई खोलीतून बाहेर आल्या. "मास्तर! काय करताय? घंटामुक्त शाळा आहे ही."

"ही मुलांसाठी नाही वाजवली, बाई," मास्तर म्हणाले.

खरंच, एकाही पोराने मान वळवली नव्हती. शेगडीशी मामा मात्र थबकले होते. घंटेकडे बघत ते क्षणभर तसेच राहिले, मग डबा रुमालात धरून फाटकाकडे निघाले, आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश चालले, म्हणजे मामींना केस सारखे करायला वेळ मिळेल.